ब्रेस्ट सोनोग्राफी, पणजी: सेंटर ठीकठाक, डॉक्टर एक नंबर

आधी स्टार सांगून टाकते, कारण बऱ्याच जणी तेवढंच बघून पुढं जातात. पाचातले चार. चारही स्टार आतल्या खोलीतल्या डॉक्टरबाईंना, आणि जो एक कापलाय तो बाहेरच्या काउंटरमुळं. सेंटरचं नाव इथं घालत नाही, ते मुद्दाम. आपल्याकडं एकच रेडिओलॉजिस्ट आज पणजीत, उद्या म्हापशात, परवा फोंड्यात बसलेला असतो, त्यामुळं पाटी वाचून तुम्ही जाल आणि त्या दिवशी प्रोब (मशीनचा अंगावर फिरवायचा तो तुकडा) धरणारं माणूसच दुसरं असेल, मग मला शिव्या घालाल. ब्रेस्टच्या सोनोग्राफीत पाटी आणि एसी बघून काही कळत नाही, कोण करतंय आणि किती वेळ देतंय ह्यावर सगळं असतं. हे का म्हणते ते खाली येईलच.

मी डिचोलीची, चाळिशी ओलांडलेली. डाव्या बाजूला काखेकडं गाठ हाताला लागली, दाबली की किंचित सरकायची, दुखायची पण पाळीच्या आधी जास्त. आमच्या लेडी डॉक्टरांनी हातानं तपासलं आणि चिठ्ठीवर दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी आणि दोन्ही बाजूंची सोनोग्राफी असं लिहून दिलं. घरी लगेच प्रश्न, दोन्ही कशाला, एकानं भागत नाही काय, डॉक्टरांचं कमिशन असणार वगैरे. (आमच्याकडं कुठलीही टेस्ट लिहिली की आधी कमिशनवर चर्चा होते, मग आजारावर.) तर ते दोन्ही का हे आधी सांगते, कारण हे कळलं नाही तर रिव्ह्यू वाचून उपयोग नाही.

मॅमोग्राफी म्हणजे एक्स-रे. दोन प्लेटांमधे दाबून काढतात, त्यात चुन्याचे अगदी बारीक ठिपके दिसतात, मायक्रोकॅल्सिफिकेशन म्हणतात त्याला, आणि काही कॅन्सर गाठ व्हायच्या आधी फक्त त्या ठिपक्यांवरूनच पकडले जातात. सोनोग्राफीत ते ठिपके धड दिसत नाहीत. पण मॅमोचं उलटं दुखणं असं की स्तन घट्ट असेल, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथी जास्त, तर फिल्मवर सगळं पांढरं दिसतं आणि गाठही पांढरीच, मग त्या पांढऱ्यात गाठ लपते. तिथं सोनोग्राफी कामाला येते. आणि गाठ पाण्यानं भरलेली आहे की भरीव आहे हे मॅमोवर ठरवता येत नाही, सोनोग्राफीवर बहुतेक वेळा तिथल्या तिथं कळतं. म्हणून चाळिशीच्या पुढं गाठ लागली तर मॅमो आणि जोडीला सोनो, आणि तिशीच्या आत असेल तर आधी सोनो. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी असेल तरी आधी सोनोच. त्यामुळं कुणी जाहिरात केली की आमच्याकडं दुखत नाही, रेडिएशन नाही, मॅमोची गरजच नाही, फक्त सोनोग्राफी करा नाहीतर तो उष्णतेचा रंगीत फोटो काढून घ्या, तर तिथून सरळ बाहेर पडा.

आता पहिल्या सेंटरविषयी थोडं, कुठलं ते जाऊदे. जवळ होतं म्हणून तिथं गेले. पोटाच्या सोनोग्राफ्यांची रांग चाललेली, त्यातच मला मधे घुसवलं, कुडतं वर करायला सांगितलं, हात डोक्याखाली घ्या असंसुद्धा कोण बोललं नाही. गाठ कुठं लागते ते विचारलं नाही. काख बघितली नाही. प्रोब चारदा वर चारदा खाली, टिश्यू हातात, झालं, रिपोर्ट संध्याकाळी. आणि संध्याकाळी रिपोर्टात काय, तर दोन्ही बाजूंना फायब्रोसिस्टिक बदल (म्हणजे गाठाळपणा आणि पाण्याच्या बारीक गाठी), कृपया क्लिनिकली पडताळून बघावे. अहो पण क्लिनिकली बघणाऱ्या बाईंनीच तर मला तुमच्याकडं धाडलं होतं ना! गाठीचं माप नाही, जागा नाही, संशय किती ते सांगणारी कॅटेगरी नाही (तिच्याविषयी खाली). आमच्या डॉक्टरांनी तो कागद बघितला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बोलल्या, हे मी वाचलंच नाही असं समज, पणजीला जा, आणि अमुक मॅडम असतील त्या वाराचीच वेळ घे.

तर पणजी.

काउंटरचं आधी उरकते. फोनवर अपॉइंटमेंट मिळते पण वेळेवर आत घेतील ही अपेक्षा ठेवू नका, तासभर धरूनच चला. वेटिंगमधे सगळी एकत्रच बसतात, पोटुश्या, मूतखडेवाले, थायरॉइडवाले. आणि काउंटरवरची पोरगी स्वभावानं चांगली असेल पण आवाज असा की अख्ख्या हॉलला ऐकू जावा, "बाय, ब्रेस्टाचें मगो तुजें?" सगळ्या माना माझ्याकडं. एक काका तर पेपर खाली करून बघायला लागले. एवढं साधं, चिठ्ठी बघून मान हलवली तरी भागतं. हे मी तिथं फीडबॅकच्या वहीतसुद्धा लिहिलंय. नंतर परत गेले तेव्हा आवाज थोडा खाली आलेला, पण विशेष नाही.

भिंतीवर ती नेहमीची पाटी आहेच, इथं गर्भलिंग तपासणी केली जात नाही, तो गुन्हा आहे. १९९४ च्या कायद्यापासून सोनोग्राफीचं मशीन जिथं आहे तिथं रजिस्ट्रेशन लागतं, म्हणून स्तनांसाठी गेलात तरी ती पाटी दिसणारच, आमच्या शेजारची विचारत होती की ह्याचा आपल्याशी काय संबंध. संबंध काही नाही. पोटुश्या बायकांना जो लांबलचक फॉर्म भरायला देतात तो आपल्याला लागत नाही.

आणि हो, पाणी पिऊन बसू नका! माझ्या बाजूला बसलेली मयेची बाई दीड लिटर पाणी पिऊन आलेली, पोटाच्या सोनोग्राफीला लागतं तसं इथंही लागत असणार म्हणून, आणि बिचारी पाय हलवत बसलेली. ब्रेस्टला उपाशी राहायला लागत नाही, पाणी पिऊन जायला लागत नाही, जेवून गेलात तरी चालतं. फक्त कपडे दोन तुकड्यांतले घाला, सलवार कुडतं किंवा साडी, वन पीस नको. मॅमो पण त्याच दिवशी असेल तर काखेत पावडर आणि डिओ मारू नका, त्यातले कण फिल्मवर ठिपके होऊन दिसतात आणि मग उगाच धाकधूक. आणि जमलं तर पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली तारीख घ्या, मॅमोत दाबताना कमी दुखतं.

आत मात्र चित्र वेगळं. कपडे बदलायला पडदा लावलेला कोपरा आहे, पुढून उघडा असा गाऊन देतात, धुतलेला. (हूक नाही, कपडे खुर्चीवर टाकायचे, एवढी मोठी मशीनं घेतात आणि दहा रुपयांचा हूक लावत नाहीत.) डॉक्टरबाईंनी आधी मशीनला हातच लावला नाही. चिठ्ठी वाचली, मॅमोच्या फिल्म लाइटवर लावून बघितल्या, जुना रिपोर्ट मागितला. तो दिला. वाचला, घडी घातली, परत दिला, एक शब्द बोलल्या नाहीत पण चेहरा बघून मला हसू आलं. मग विचारलं, "खंय लागता तें बोट लावन दाखय." मी दाखवलं. त्यांनी स्वतः बोटांनी चाचपून बघितलं, आणि मगच पाठीखाली एका बाजूला उशी सरकवली, थोडं कुशीवर वळवलं आणि तो हात डोक्याच्या वर घ्यायला लावला. असं केल्यानं स्तन छातीवर सपाट पसरतो, जाडी कमी होते आणि आतपर्यंत नीट दिसतं, हे त्यांनीच सांगितलं. पहिल्या ठिकाणी का काही सापडलं नाही ते मला तिथंच अर्धं कळलं.

प्रोब पण वेगळा. पोटाला वापरतात तो गोलसर, ह्याचं तोंड सरळ. पोटाचा साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झवर चालतो, कारण खोलवर जायचं असतं, आणि ब्रेस्टचा १२ च्या आसपास किंवा त्याच्याही वर, कारण खोल जायचं नाही पण बारीक दिसायला हवं. जितकी फ्रीक्वेन्सी जास्त तितकं बारीक दिसतं आणि तितकंच कमी आत पोचतं. आमच्या घरात हे समजायला वेळ लागला नाही कारण माझा दीर मालीमच्या जेटीवर ट्रॉलरवर असतो, त्यांच्या फिश फाइंडरचं तंत्र हेच, आवाज सोडायचा आणि परत येणारा पडसाद मोजायचा, तिथं बांगड्यांचा थवा दिसतो आणि इथं गाठ. गंमत म्हणजे स्तनातल्या गाठींवर हा प्रयोग पहिल्यांदा करणाऱ्यांतला जॉन वाइल्ड हा इंग्रज सर्जन, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, त्यानंसुद्धा सुरुवातीला वापरलं ते नौदलाचंच एक यंत्र. दिराला हे सांगितलं तर तो दोन दिवस मिशीला पीळ देत फिरत होता.

असो. जेल थंडगार, एसीत तर शहारा येतो. गरम करून ठेवायला काय होतं कोण जाणे, पण ती तक्रार सगळीकडचीच. डॉक्टरबाई आधी उजवी बाजू पूर्ण बघतात, जिथं काही लागत नाही ती. मग डावी. घड्याळाचे काटे फिरतात तसं निपलपासून बाहेर, परत आत, एक एक घर सरकत. मग निपलच्या खाली, मग काख, काखेतल्या ग्रंथी वेगळ्या. घाई नाही. मधे फोन वाजला तो त्यांनी कापला. जिथं काही दिसतं तिथं प्रोब आडवा करून परत उभा करून बघतात, चित्र थांबवतात आणि कर्सरनं माप घेतात, लांबी, रुंदी, उंची.

माझी डावीकडची गाठ स्क्रीनवर काळी आली. अगदी काळीभोर, कड पातळ आणि साफ, आणि तिच्या मागचा भाग उजळ. स्क्रीन माझ्याकडं वळवून त्या बोलल्या, बघ, काळं दिसतं ते पाणी, पाण्यातून आवाज अडथळ्याशिवाय जातो म्हणून मागे उजळ दिसतंय, ह्याला सिंपल सिस्ट म्हणतात. प्रोबनं हलकं दाबलं तर ती थोडी चपटी झाली. १४ मिलीमीटर. तुझ्या वयाच्या बायकांत खूप असतात, दुखत नसेल तर हात लावायची गरज नाही, फारच दुखायला लागली तर सुई घालून पाणी काढता येतं, पाच मिनिटांचं काम. माझा जीव किती दिवस टांगणीला लागलेला तो खाली आला.

पण खरी गोष्ट उजव्या बाजूला. जिथं मला काही लागत नव्हतं, पहिल्या सेंटरला काही दिसलं नव्हतं आणि मॅमोत सगळं पांढरं होतं (घनता सी असं लिहिलेलं, ए ते डी मधली सी, म्हणजे घट्ट), तिथं एक छोटीशी भरीव गाठ सापडली, ८ मिलीमीटर. ती काळी नव्हती, राखाडी होती. हे त्यांनी लपवलं नाही आणि घाबरवलंही नाही. आकार लंबगोल आहे, कडा गुळगुळीत आहेत, आणि ती आडवी पसरलेली आहे, उंचीपेक्षा रुंदी जास्त. चांगल्या गाठी बहुतेक अशा असतात. वाईट गाठ बऱ्याचदा उभी वाढते, कडा वेड्यावाकड्या, काटे फुटल्यासारख्या, आणि तिच्या मागं काळी सावली पडते. अर्थात नुसत्या दिसण्यावरून शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही, हेही बोलल्या. कलर डॉपलर लावून रक्ताची धाव बघितली, आणि इलास्टोग्राफी म्हणून एक असतं त्यात गाठ किती कडक आहे ते रंगात दाखवतं, ते पण केलं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. पण निर्णय त्या रंगांवर घेत नाही, आकार आणि कडा ह्यांच्यावर घेतो, रंग फक्त जोडीला, असं स्पष्ट बोलल्या, ते मला आवडलं.

रिपोर्ट तासाभरात हातात. आणि रिपोर्ट कसा असावा तर असा. कुठल्या बाजूला, घड्याळात किती वाजताच्या जागी, निपलपासून किती सेंटीमीटर लांब, तिन्ही मापं, आकार, कडा, काखेतल्या ग्रंथी, मॅमोशी ताडून बघितलं की नाही, आणि शेवटी बायरॅड्स. ज्या बायकांच्या रिपोर्टात हे बायरॅड्स नसेल त्यांनी परत जाऊन मागून घ्या, लाजू नका. अमेरिकेतल्या रेडिओलॉजीच्या कॉलेजनं बनवलेली ही नंबरांची पद्धत आहे, शून्य ते सहा. शून्य म्हणजे तपास अपुरा, आणखी काहीतरी करून बघा. १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे आहे पण चांगलंच आहे. ३ म्हणजे बहुतेक चांगलं, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी परत बघा. ४ म्हणजे संशय आहे, सुई घालून तुकडा तपासा, आणि त्यात ए बी सी असे पोटभाग आहेत, ४ए मधे शक्यता २ ते १० टक्के, बी मधे १० ते ५०, सी मधे त्याच्याही वर ९५ पर्यंत. ५ म्हणजे ९५ किंवा जास्त. ६ म्हणजे आधीच बायोप्सीत निघालेलं. माझं डावीकडं २, उजवीकडं ३.

आमच्या नातेवाइकांत तीन हा आकडा ऐकून रडारड झाली, तिसऱ्या स्टेजचा कॅन्सर समजून. माझ्या सासूबाईंनी तर बोडगेश्वराला नारळ बोलून टाकला. स्टेज आणि हा नंबर ह्यांचा काडीचा संबंध नाही! स्टेज कॅन्सर आहे हे ठरल्यावर येते, हा नंबर फोटो बघून दिलेला अंदाज आहे. हे रिपोर्ट देताना काउंटरवरच दोन ओळींत समजावलं तर किती जणींची झोप वाचेल. रिपोर्ट इंग्रजीत, समजावणारं कोण नाही, डॉक्टरबाई आत पुढच्या पेशंटला. हा पण त्या कापलेल्या स्टारातलाच मुद्दा.

सहा महिन्यांनी परत गेले, चवथ (गणपती) आटोपल्यावर. ह्यावेळी मुद्दाम त्याच डॉक्टरांचा वार धरून. त्यांनी जुनी चित्रं मशीनवर उघडून शेजारी ठेवली आणि त्याच जागी त्याच कोनातून परत माप घेतलं. ८ चे ८च. ३ नंबरचा अर्थच हा की गाठ वाढते का ते बघायचं, म्हणून मागचे फोटो नसतील तर दुसऱ्यांदा केलेली सोनोग्राफी अर्धी फुकट जाते. सीडी आणि फिल्म जपून ठेवा, आणि व्हॉट्सअॅपवर मोबाइलनं काढलेला रिपोर्टचा वाकडा फोटो म्हणजे जुना रेकॉर्ड नव्हे. आता पहिल्या तपासणीला वर्ष पूर्ण झालं की परत, मग दोन वर्षं पूर्ण झाली की, तोवर जशीच्या तशी राहिली तर २ मधे टाकतात.

माझ्यानंतर ओळखीपाळखीच्या बऱ्याच जणींना मी तिथं नेलं, म्हणून आणखी काही प्रकार जवळून बघितले ते पण लिहिते. माझी भाची, तेवीस वर्षांची, कॉलेजला. तिच्या गाठीला फक्त सोनोग्राफी केली. माझी बहीण तावातावानं विचारायला गेली की हिचा मॅमो का नाही, पैसे आहेत आमच्याकडं. डॉक्टरबाईंनी सांगितलं की ह्या वयात स्तन एवढे घट्ट असतात की मॅमोवर फारसं कळणार नाही, आणि गाठ बघून बहुतेक फायब्रोअॅडिनोमा आहे. दाबलं की बोटाखालून निसटणारी, लंबगोल, स्वच्छ कडांची. विशीतल्या पोरींत ही सगळ्यात जास्त सापडते आणि ती म्हणजे कॅन्सर नव्हे. भाचीला सहा महिन्यांनी बोलावलंय. पोरगी बाहेर आली आणि पहिलं काय बोलली तर मावशी, भूक लागलीय. समोरच्या हॉटेलात दोन प्लेट पाव भाजी खाल्ली.

शेजारची बाळंतीण, दीड महिन्याचं बाळ, एका बाजूला लाल, कडक, ताप. तिला घरचे कोबीची पानं आणि शेक देत बसलेले. सोनोग्राफीत पू साठलेला दिसला, गळू झालेलं, आणि तिथंच सोनोग्राफीत बघत बघत सुईनं पू काढला, अँटिबायोटिक दिलं, आणि दूध पाजायचं थांबवू नको असं सांगितलं. सासूला ते पटेना पण डॉक्टरांनीच बजावल्यावर गप्प. नुसती सूज आहे की आत पू आहे हे बाहेरून बघून कळत नाही, ते मशीनवर कळतं, आणि त्यावरच चिरा द्यायचा, सुई घालायची की नुसती औषधं ते ठरतं.

आणि हो, वेटिंगमधे पेपर खाली करून माझ्याकडं बघणारे ते काका, ते स्वतः छातीच्याच सोनोग्राफीला आलेले! पुरुषांतसुद्धा निपलखाली गाठ येते, काही गोळ्यांनी तर स्तन वाढतात, गायनेकोमास्टिया म्हणतात. त्यांच्या नावाला हाक आली तेव्हा त्या पोरीचा आवाज नेमका खाली. पुरुषांची लाज तेवढी सांभाळायची, बायकांची नाही.

माझ्या नणंदेला ४ए आलं. तिची कोअर बायोप्सी त्याच खोलीत, सोनोग्राफीत बघूनच. जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात, तेवढंच टोचतं, मग जाडसर सुई एका पिस्तुलासारख्या यंत्रातून जाते आणि टक् असा मोठा आवाज येतो. त्या आवाजानं दचकून हलू नये म्हणून डॉक्टरबाईंनी आधी हवेतच एकदा उडवून ऐकवला, मग कामाला लागल्या. स्क्रीनवर सुई गाठीच्या मधोमध जाताना पांढऱ्या रेघेसारखी दिसत होती, नणंद डोळे मिटून आणि मी तिचा हात धरून स्क्रीन बघत. दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचे तुकडे, बाटलीत. नंतर दाबून धरलं, बर्फ, पट्टी, त्या दिवशी वजन उचलायचं नाही. रिपोर्ट चांगला आला. बारीक सुईनं पेशी खेचून करतात ती एफएनएसी स्वस्त असते आणि अजून बरीच ठिकाणं तीच करतात, पण त्यात नुसत्या पेशी मिळतात, ह्यात अख्खा तुकडा मिळतो त्यामुळं निदान जास्त पक्कं होतं आणि कॅन्सर निघालाच तर पुढची औषधं कुठली ते ठरवायच्या टेस्टसुद्धा त्याच तुकड्यावर करता येतात. एक गोष्ट लोकांच्या डोक्यातून जात नाही की सुई लावली की कॅन्सर पसरतो. आमच्या घरात पण हेच चाललेलं. ह्या भीतीपायी बायोप्सी पुढं ढकलत बसणाऱ्या बायका बघितल्यात, आणि गाठ काय तारखेची वाट बघत बसत नाही.

पैशांचं, दोन्ही बाजूंची सोनोग्राफी दोन हजारांच्या आत, मॅमो वेगळा, बायोप्सी बरीच जास्त. परवडत नसेल तर बांबोळीला गोमेकॉत (सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात) सगळं होतं, रांग मोठी आणि तारीख मिळायला थांबावं लागतं, पण गाठीचं निदान करायला सर्जरीची ओपीडी, फोटो आणि सुई हे तिन्ही एका आवारात आहे. गावच्या हेल्थ सेंटरात स्वस्थ महिला स्वस्थ गोवा ह्या मोहिमेची ती हातात धरायच्या छोट्या यंत्रानं तपासणी झाली असेल, युवराज सिंगच्या संस्थेची, तर तिला सोनोग्राफी समजू नका. ते यंत्र कडकपणा चाचपतं, काही सापडलं तर पुढं पाठवतात, आणि त्या पुढच्या पायरीलाच मी इथं लिहिलेली सोनोग्राफी येते. शेजारच्या दोघीतिघी तपासणी झाली म्हणून निश्चिंत बसलेल्या, एकीला तर पुढं जा असं लिहून दिलेलं आणि कागद फ्रीजवर मॅग्नेट लावून ठेवलेला.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं. डॉक्टरबाई असतील तो वार फोनवर आधी विचारा आणि सोनोग्राफी स्वतः त्याच करणार ना हे पण विचारा, काउंटरवाली कुरकुरेल, कुरकुरू दे. सकाळची पहिली वेळ मागा, दुपारनंतर पोटाच्या पेशंटची गर्दी होते. गाडी नेऊ नका, त्या गल्लीत पार्किंग मिळालं तर तुमचं नशीब, कदंबाच्या बसस्टँडवर उतरून रिक्षा करा. पैसे काउंटरवर आधी भरायचे, कार्ड मशीन निम्म्या वेळा बंद असतं, यूपीआय चालतं. आणि शाल न्या, आत गारठा आहे.